शाहआलू : मोगल प्रवासातील एका नाशवंत फळाची कैफियत

जहांगीर बादशहा इ.स. १६०७ च्या जून महिन्यात काबूलला पोहोचला, तेव्हा तेथील शाहआलू पिकण्याच्या बेतात होते. तख्तावर बसून त्याला दोन वर्षेही झाली नव्हती. शहजादा खुस्रोचे बंड नुकतेच मोडले होते आणि लाहोरहून निघालेली ही स्वारी राजकारणाइतकीच आजोबा-पणजोबांची भूमी पाहण्यासाठीही होती. शहरआरा बागेत मुक्काम पडला. या मुक्कामातील नोंदींत बादशहाने एक कबुली देऊन ठेवली आहे. शाहआलू हे फळ इतर फळांपेक्षा जास्त खाता येते, आणि एका दिवसात आपण त्याचे दीडशेपर्यंत दाणे खाल्ले, असे तो सांगतो. शाहआलू म्हणजे ज्याला आज सर्वत्र चेरी म्हणतात ते फळ.

एखाद्या राज्यकर्त्याने आपण किती फळे खाल्ली याचा आकडा स्वतःच्या रोजनिशीत लिहावा, ही गोष्ट वरवर पाहता गंमतीची आहे. मोगल इतिहासाच्या अभ्यासकांनी तिच्याकडे फारसे गांभीर्याने पाहिलेलेही नाही. बादशहाच्या रसिकतेचा दाखला म्हणून ती सांगितली जाते आणि लेखक पुढच्या लढाईकडे वळतो. परंतु चेरी हे फळ असे आहे, की ते कोणी, कुठे आणि केव्हा ताजे खाल्ले याची नोंद सापडली म्हणजे तिच्यामागे बरेच काही सापडते. रस्ते सापडतात, डाकेचे जासूद सापडतात, कलमे बांधणारे माळी सापडतात. आणि ज्यांच्या अंगणात ते झाड होते त्यांच्यावर काय गुदरले, याचाही माग लागतो.

प्रथम फळाविषयी. आंबा कच्चा उतरवून अढीत घालता येतो. सफरचंद पेटीत महिना महिना टिकते. काबूल-बदख्शानची खरबुजे आणि समरकंदची द्राक्षे जहांगीरच्या दरबारी आग्र्यापर्यंत, अजमेरपर्यंत येत असत आणि त्यांचे कौतुकही त्याने लिहून ठेवले आहे. चेरीला यातले काहीच लागू पडत नाही. झाडावरून उतरवल्यावर ती पिकत नाही. जशी उतरवली तशीच राहते आणि दोन-चार दिवसांत मऊ पडते. देठ तुटला तर त्याहून लवकर. झाडाला हिवाळ्यात कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, म्हणून ते आग्रा-दिल्लीच्या सपाटीवर फळत नाही. पोर्तुगीज बंदरांतून आलेले अननस आग्र्याच्या गुलअफशाँ बागेत हजारोंनी होऊ लागले, असे जहांगीर लिहितो. सातासमुद्रांपलीकडचे फळ यमुनेच्या काठी रुजले, आणि काबूलचे चेरीचे झाड मात्र तेथे रुजणे शक्य नव्हते. ज्याला ताजी चेरी खायची असेल त्याने ती पिकते तेथे, ती पिकते त्याच तीन-चार आठवड्यांत जाऊन हजर राहावे, एवढाच मार्ग होता. रेल्वे आणि शीतपेट्या येईपर्यंत हिंदुस्थानच्या सपाटीवरील माणसाला हे फळ प्रवासातच भेटत असे.

आपल्याकडच्या बेकऱ्यांतील केकवर जे लालभडक गोड फळ चेरी म्हणून लावलेले असते, ते बहुतेक वेळा रंग देऊन पाकवलेले करवंद असते. कोकण, गोवा, बेळगाव या डोंगरपट्ट्यांत करवंदाला तोटा नाही. चेरीचा तुटवडा करवंदाने भरून काढावा, यातही या फळाच्या दुर्मिळतेचा इतिहास आहेच.

आता नावाविषयी, कारण वाद तेथूनच सुरू होतो. मराठीत ‘आलू’ म्हटले की उत्तरेकडचा बटाटा आठवतो. फारसीत मात्र आलू म्हणजे मनुका-द्राक्षे नव्हेत आणि कंदही नव्हे, तर एक बी असलेले गरदार फळ. बुखाऱ्याचा आलू तो आलुबुखार, पिवळा आलू तो जर्दाळू. हे दोन्ही शब्द मराठीने सहज पचवले आहेत. आंबट चेरीला फारसीत आलुबालू म्हणतात आणि गोड चेरीला गिलास. जहांगीर सांगतो, की गिलास हे पालीच्या एका नावासारखे ऐकू येते, म्हणून आपल्या वडिलांनी, म्हणजे अकबराने, ते बदलून शाहआलू असे नाव ठेवले. शाहआलू म्हणजे आलूंचा राजा. ‘आईन-इ-अकबरी’तही हे नाव बादशहाने दिलेले म्हणूनच येते. खाण्याच्या वस्तूचे नाव ओंगळ प्राण्याशी जुळू नये, ही भावना समजण्यासारखी आहे.

योगायोगाची गोष्ट म्हणजे इस्लामी जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, मोरोक्कोत, याच फळाला ‘हब्बुल मुलूक’, म्हणजे राजांचे दाणे, असे म्हणतात. तेथील सफ्रू गावी १९२० पासून चेरीचा उत्सव भरतो आणि २०१२ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. अकबराला मगरिबी नावाची माहिती होती असे मानण्यास आधार नाही. मौल्यवान आणि अल्पायुषी वस्तूला राजाचे नाव देण्याची माणसाची खोड सगळीकडे सारखी, इतकेच म्हणता येते.

काबूलची चेरी बाबराच्या काळातही होती. १५०४ मध्ये काबूल हाती आल्यानंतर बाबराने तेथील फळांची जी तपशीलवार मोजदाद केली आहे, तीत आलुबालूची रोपे आपण आणवून लावली आणि ती चांगली धरली, असे तो नमूद करतो. राज्य मिळवावे आणि लगेच रोपे मागवावीत, हा या घराण्याचा स्वभावच दिसतो. पुढे त्याच्या नातवाने फळाला नाव दिले आणि पणतूने दाणे मोजले. मात्र दीडशे दाणे खाऊन झाल्यावरही जहांगीरने निकाल दिला तो आंब्याच्या बाजूने. काबूलची फळे कितीही उत्तम असली तरी आपल्या जिभेला त्यांतले एकही आंब्याच्या तोडीचे वाटत नाही, असे त्याच ओघात त्याने लिहिले आहे. हिंदुस्थानात जन्मलेल्या या तैमूरवंशीयाची जीभ कोणत्या मातीची होती, हे सांगण्यासाठी दुसरा पुरावा शोधण्याची गरज नाही.

जहांगीरच्या चेरीचा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा अध्याय काश्मीरचा आहे. १६१९ च्या शरद ऋतूत आग्र्याहून निघालेली स्वारी सुमारे साडेपाच महिन्यांनी, मार्च १६२० मध्ये, श्रीनगरला पोहोचली. पीर पंजालचा घाट बर्फाने बंद असल्यामुळे हसन अब्दाल, पखली, बारामुल्ला असा लांबचा मार्ग धरावा लागला. वाटा इतक्या अरुंद होत्या, की सगळा लवाजमा एकदम नेणे अशक्य होते आणि मंडळींच्या तुकड्या पाडाव्या लागल्या. इतका खटाटोप करून आलेला बादशहा मग ऑक्टोबरपर्यंत तेथेच राहिला. बदामाच्या मोहरापासून केशराच्या फुलापर्यंत काश्मीरचा सबंध हंगाम त्याने डोळ्यांखाली घातला. उस्ताद मन्सूरने काढलेल्या काश्मिरी फुलांच्या चित्रांची संख्या शंभराच्या वर गेली, ती याच मुक्कामात.

याच उन्हाळ्यात शाहआलू पिकले. हरी पर्वताच्या किल्ल्यातील नूरअफजा बागेत त्यांची चार झाडे होती. जहांगीरने या चारही झाडांना नावे दिली. एकाचे शीरीनबार, म्हणजे गोड फळाचे. दुसरे खुशगवार, म्हणजे रुचकर. तिसऱ्याला सर्वांत जास्त फळ आले होते, ते पुरबार. चौथ्याला कमी, ते कमबार. शहजादा खुर्रमच्या, म्हणजे पुढच्या शहाजहानच्या, बागेतील एक झाड फळले होते, त्याला शाहवार म्हटले. इशरतअफजा बागेत एक कोवळे झाड होते, त्याला नौबार. बादशहा रोज आपल्या हाताने फळे तोडी आणि मद्याच्या प्याल्यासोबत ती घेई. आपल्या मद्यपानाविषयी त्याने काही लपवून ठेवलेले नाही, तेव्हा येथेही लपवण्याचे कारण नाही. काबूलहून डाकचौकीच्या जासुदांमार्फतही शाहआलू येतच होते, पण घरच्या बागेतले स्वतः तोडून खाण्याची गोडी निराळी, असे तो म्हणतो. काश्मीरचे फळ काबूलच्या फळापेक्षा उणे नाही, उलट अधिक पोसलेले आहे, असाही त्याचा अभिप्राय आहे. सर्वांत मोठे फळ त्याने तोलून पाहिले. ते भरले एक टांक पाच सुर्ख. टांक म्हणजे चार मासे आणि सुर्ख म्हणजे गुंज धरली, तर हे वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास जाते. आज बाजारात येणाऱ्या बऱ्या चेरीच्या निम्म्याइतके. बादशहाला त्याचे अप्रूप वाटले, कारण त्याच्यापुढे तुलनेला काबूलचे फळ होते.

या नोंदीतील प्रत्येक तपशील बोलका आहे. झाडांना नावे ठेवता आली, कारण झाडे मोजकी होती. जहांगीरच स्पष्ट करतो, की अकबराच्या काळापर्यंत काश्मीरमध्ये शाहआलू नव्हते. मुहम्मद कुली अफशार याने ते काबूलहून आणून लावले, आणि आता दहा-पंधरा झाडे फळतात. काश्मीर मोगलांच्या ताब्यात आले १५८६ मध्ये. म्हणजे जवळजवळ पस्तीस वर्षांच्या अवधीत फळती झाडे झाली ती एवढीच. गोड चेरीच्या बहुतेक जातींना स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, शेजारी निराळ्या जातीचे झाड लागते, हे आजच्या फळबागायतदाराला माहीत असते. कमबारला फळ कमी का, याचे एक उत्तर कदाचित हे असेल. जर्दाळूची कलमी झाडेही याच अफशारने काश्मीरमध्ये वाढवली. कलमाला फारसीत पैवंद म्हणतात. मराठीतले पेवंदी बोर म्हणजे कलमी बोर. तो ‘पेवंदी’ शब्द आणि नूरअफजा बागेतील पैवंदी झाडे एकाच भाषिक घराण्यातली आहेत.

अफशार हे तुर्कमान टोळीचे नाव आहे. या मुहम्मद कुलीने काबूलहून काश्मीरपर्यंत कलमांच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या, की रोपे मातीसकट आणली, हे तुझुक सांगत नाही. मार्ग मात्र तोच, डोंगरी आणि बर्फाचा. लोकप्रिय पुस्तकांत ‘मोगलांनी काश्मीरला चेरी आणली’ असे एक ठोक विधान आढळते. श्रेय कोणाचे याबाबत खुद्द बादशहा अधिक प्रामाणिक निघाला. त्याने झाडांना नावे आपण दिली हे सांगितले आणि झाडे लावणाऱ्याचे नावही लिहून ठेवले. मोगल साधनांत सरदारांची नावे हजारोंनी सापडतात. कोणते फळ कोणाच्या हाताने कुठे गेले, हे सांगणारी अशी नोंद विरळा.

तरीही जहांगीरचे ‘नव्हते’ जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. मोगल विजयाच्या चार-पाच दशके आधी काश्मीरवर सत्ता गाजवणारा मिर्झा हैदर दुघलत आपल्या ‘तारीख-इ-रशीदी’त काश्मीरच्या फळांमध्ये गिलास आणि आलुबालू यांचा उल्लेख करतो. मिर्झा हैदर हा बाबराचा मावसभाऊ. मध्य आशियात वाढलेला असल्यामुळे ही दोन्ही फळे त्याच्या चांगल्या ओळखीची होती. तो चुकला असेल असे म्हणणे धाडसाचे ठरेल. दुसरीकडे ‘आईन-इ-अकबरी’ काश्मीरच्या फळांची वाखाणणी करताना शाहआलूचा अपवाद करते, म्हणजे जहांगीरला दुजोरा देते. या दोन साक्षींचा मेळ एकाच रीतीने बसतो. खोऱ्यात पूर्वापार जी चेरी होती ती लहान, आंबटसर, न कलमलेली असावी. आणि अफशारने आणली ती काबूलची निवडक गोड जात. दरबाराच्या हिशेबात पहिली जमेस धरली गेली नाही. हिमालयात चेरीचे रानटी भाऊबंद आहेतच. वैद्यांच्या बटव्यातील पद्मकाष्ठ त्यांपैकीच एका झाडाचे. तीन शतकांनंतर, १८९५ मध्ये, काश्मीरच्या जमीनबंदोबस्ताचा अधिकारी वॉल्टर लॉरेन्स लिहितो, की खोऱ्यातील गिलास बहुतांशी काळी, तुरट-आंबट जातीची आहे आणि गोड जात काही ठिकाणीच दिसते. अफशारच्या कलमांनी काश्मीर व्यापले, असा जो समज आहे त्याला लॉरेन्सची ही नोंद छेद देते. आणि लॉरेन्स गिलास हाच शब्द देतो, हेही लक्षात ठेवण्याजोगे. आज काश्मीरमधील बागवान चेरीला गिलासच म्हणतो. अकबराचे शाहआलू दरबारी ग्रंथांत राहिले आणि लोकांच्या तोंडून केव्हाच गेले. पालीची शंका त्यांना कधी आलीच नसावी.

फळ आवडले म्हणून जहांगीरने काश्मीरच्या अंमलदारांना ताकीद दिली, की सर्व बागांतून शाहआलूची झाडे लावावीत. हुकूम चांगलाच होता. पण चांगल्या झाडाचा धनी होणे त्या काळात किती जोखमीचे होते, याची साक्ष एका दगडावर कोरलेली आहे.

श्रीनगरच्या जामा मशिदीच्या प्रवेशद्वारावर शहाजहानचे एक फर्मान कोरलेले आहे. इतिकाद खान या सुभेदाराच्या कारकिर्दीत काश्मीरची रयत गांजली होती. १६३२ च्या सुमारास त्याच्या जागी जफर खान आला आणि त्याने केलेल्या अर्जावरून जुने जुलमी पायंडे रद्द करणारे हे फर्मान निघाले. त्यातील कलमे वाचताना सुभ्याचा कारभार डोळ्यांपुढे उभा राहतो. केशर खुडायला माणसे वेठीस धरली जात आणि मजुरी म्हणून थोडे मीठ हातावर ठेवले जाई. ते बंद करून मजुरी देण्याचा हुकूम झाला. भाताच्या खंडीमागे लाकडासाठी घेतली जाणारी पट्टी माफ झाली. मोठ्या गावांकडून मेंढ्या घेतल्या जात, नावाड्यांवर माणशी कर होता, त्यांनाही आळा घातला गेला. आणि याच यादीत एक कलम फळांचे आहे. कोणाच्याही बागेत, मग तो लहान असो की मोठा, चांगले फळ आहे असा संशय आला की सुभेदार आपली माणसे पहाऱ्याला बसवीत. मालकाला आपल्याच झाडाच्या फळाला हात लावता येत नसे. या त्रासाने कित्येकांनी झाडेच तोडून टाकली. यापुढे कोणत्याही सुभेदाराने कोणाच्या बागेतील फळ अडवू नये, अशी आज्ञा त्यात आहे.

फर्मानात चेरीचे नाव नाही. ते सर्व फळांविषयी आहे, आणि हा पायंडा जुना आहे असेही ते सांगते. त्यामुळे इतिकाद खानाच्या माणसांनी चेरीच्या झाडाखालीच ठाण मांडले, असे म्हणता येणार नाही. मात्र पहाऱ्याचा फटका कोणत्या फळाला अधिक बसेल, हे अनुमान कठीण नाही. सफरचंदावर महिनाभर पहारा बसला तरी उरलेले फळ मालकाला थंडीत खाता येते. अक्रोड तर वर्षभर राहतो. चेरीवर आठवडाभर पहारा बसला की मालकाचा त्या वर्षीचा हंगाम संपला. अफशारनंतर पस्तीस वर्षांत दहा-पंधरा फळती झाडे, आणि लॉरेन्सच्या काळीही गोड चेरी तुरळक, या दोन नोंदींच्या मध्ये हे फर्मान उभे आहे. लागवडीचा हुकूम बापाने दिला आणि झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून फर्मान मुलाला काढावे लागले. या दोहोंत जेमतेम बारा-पंधरा वर्षांचे अंतर आहे.

फर्मानाने जुलूम थांबला का, हा वेगळा प्रश्न आहे. जुलूम बंद केल्याची आज्ञा दगडावर कोरून मशिदीच्या दारावर लावावी लागते, तेव्हा ती मोडली जाण्याची भीती आज्ञा देणाऱ्यालाही असते. पण आज्ञा तेथे लावल्यामुळे नमाजासाठी येणाऱ्या प्रत्येकाला ती दिसली, वाचता येणाऱ्याने न वाचणाऱ्याला सांगितली, हेही खरे. बादशहाची रोजनिशी दरबारापुरती होती, हा दगड रस्त्यावरच्या माणसासाठी होता. काश्मीरच्या फळांचा इतिहास लिहिताना पहिलीवर भर द्यावा आणि दुसऱ्याला तळटीप करावे, हे बरोबर नाही.

प्रवासाच्या सुखाची दुसरी बाजू फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्नियर याच्या पत्रांत दिसते. औरंगजेबाने काश्मीरची सफर एकदाच केली. दिल्लीहून निघालेल्या या छावणीत बर्नियर आपल्या आश्रयदात्या दानिशमंद खानाबरोबर होता. भिंबरच्या पायथ्याशी उंट आणि गाड्या सोडून सगळे सामान माणसांच्या पाठीवर चढवावे लागले. तेथे किमान पंधरा हजार हमाल जमल्याचे त्याने लिहिले आहे आणि एकूण तीस हजार लागतील असा अंदाज दिला आहे. काही काश्मीरच्या सुभेदाराने व आसपासच्या राजांनी पाठवलेले, काही पोटासाठी आपण होऊन आलेले. पीर पंजालच्या चढावर जनान्याचा एक हत्ती बिथरून मागे सरला, मागचे हत्ती एकमेकांवर आदळले आणि पंधरा हत्ती दरीत कोसळले. तीन-चार स्त्रिया दगावल्या. जहांगीरच्या वाटेवरची वळणे याहून निराळी नव्हती. फक्त लिहिणारा वेगळा होता.

बर्नियरने काश्मीरच्या बागा पाहिल्या आणि आपल्या देशाच्या तोऱ्यात निकाल दिला, की येथील फळे फ्रान्सच्या तोडीची नाहीत. दोष जमिनीचा नसून माळ्यांचा आहे, त्यांना कलमे बांधण्याची कला आमच्यासारखी येत नाही. अफशारची कलमे आणि बर्नियरचा हा शेरा यांत अवघी पाऊणशे-ऐंशी वर्षे आहेत. बर्नियरच्या बोलण्यात युरोपीय अहंकार आहे, हे खरेच. तरी त्याला सरसकट खोटे ठरवण्याऐवजी जामा मशिदीच्या दारावरचा दगड आठवावा. कलमी झाड लावून त्याला पहिले फळ येईपर्यंत चार-पाच वर्षे जपायचे, आणि फळ उत्तम आले की पहारेकऱ्याला आमंत्रण द्यायचे, अशी स्थिती असेल तर कला येत असूनही माणूस ती कशाला दाखवील? ‘माळ्यांचे अज्ञान’ म्हणून परक्या प्रवाशाला जे दिसले, त्यात शहाणपणाचाही भाग असू शकतो.

औरंगजेब त्यानंतर काश्मीरला गेला नाही. १६८१ मध्ये तो दख्खनेत उतरला आणि १७०७ मध्ये अहमदनगरला त्याचा अंत झाला. चेरीच्या प्रदेशापासून तो कायमचा तुटला. फळांना नावे ठेवण्याची घराण्याची रीत मात्र त्याच्याकडेही आढळते. शहजादा आजमने पाठवलेल्या आंब्यांना त्याने सुधारस आणि रसनाविलास अशी नावे दिल्याचे त्याच्या पत्रांतून प्रसिद्ध आहे. फारसीच्या या कट्टर लेखकाने फळासाठी शब्द निवडले ते संस्कृत वळणाचे. तीही नावे बाजारात टिकली नाहीत.

जहांगीरची ही रोजनिशी छापील स्वरूपात अभ्यासकांच्या हाती आली ती सर सय्यद अहमद खान यांच्यामुळे. १८६३-६४ मध्ये गाझीपूर आणि अलिगढ येथे त्यांनी तुझुकचा फारसी पाठ छापून प्रसिद्ध केला. पुढे रॉजर्स आणि बेव्हरिज यांच्या इंग्रजी भाषांतराने, १९०९ ते १९१४ या काळात, ती सर्वत्र पोहोचली. शिक्षणाच्या चळवळीचा पाया घालणारा माणूस ऐन उमेदीत हस्तलिखिते ताडून पाहत बसला होता. शीरीनबार, पुरबार आणि कमबार या झाडांची नावे आज कळतात ती त्या श्रमामुळे. झाडे केव्हा वठली, कोणालाच ठाऊक नाही.

आज भारतातील बहुतेक सगळी चेरी जम्मू-काश्मीरमधून येते. श्रीनगरजवळचे हारवन आणि दारा, तंगमर्गचा पट्टा, शोपियाँ या भागांत मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत तोडणी चालते. मखमली, मिश्री, डबल ही तेथील जातींची नावे. त्यांत फारसी, हिंदी, इंग्रजी सगळे एकत्र नांदते आणि ती कोणा बादशहाने दिलेली नाहीत. महामार्ग दरड कोसळून बंद पडला की पेट्या ट्रकमध्येच खराब होतात, हे दुखणे अलीकडच्या वर्षांतही बागायतदारांनी सोसले आहे. जून २०२५ मध्ये काश्मीरच्या चेरीची पार्सले कटरा स्थानकावरून रेल्वेने मुंबईच्या वांद्रे टर्मिनसकडे रवाना झाली. त्याच महिन्यात कटरा ते श्रीनगर ही रेल्वेही सुरू झाली. काबूलचे शाहआलू काश्मीरला आणणाऱ्या जासुदांना जे अंतर कापावे लागे, त्याच्या कित्येक पट अंतर आता हे फळ ताजे असतानाच तोडते. सहलीला गेलेला मराठी माणूस मात्र जूनमध्ये दल सरोवराच्या रस्त्याकडेला विकत घेतलेली चेरी पुडक्यातूनच खात पुढे जातो आणि परतल्यावर मुंबईच्या फळवाल्याकडची चेरी तशी लागत नाही म्हणून तक्रार करतो. जहांगीरची काबूलहून आलेल्या फळाविषयी तीच तक्रार होती.